विझलेल्या माळांचा जमाखर्च

मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते, आणि गणेश चतुर्थीपासून नवरात्र, दिवाळी, तुळशीविवाह आणि लग्नसराई अशा क्रमाने बागलाणात चालत आलेला रोषणाईचा हंगाम त्या दिवसांत भरास येतो. मंदिराचे शिखर, आरम नदीकडे उतरणारे रस्ते, पाळण्यांचे मैदान, खेळण्यांची आणि मिठाईची दुकाने, फार काय, आडबाजूच्या गल्लीतील एखाद्या लहानशा घराचा ओटासुद्धा विजेच्या माळांनी उजळलेला असतो. यात्रा पांगली, पाळणे उतरले, मंडपाचे खांब आणि कनाती पुढच्या गावी रवाना झाल्या, म्हणजे त्या माळाही उतरतात. आणि उतरलेल्या माळांपैकी ज्या पुढच्या वर्षी पेटणार नाहीत त्यांचे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटला, तरी त्याची मुळे आपल्या हवेत, जमिनीत आणि आपल्या लेकरांच्या आरोग्यात खोलवर गेलेली असल्यामुळे त्याचा सावकाश आणि साकल्याने विचार होणे अगत्याचे आहे.

ज्यांच्या नावाने ही यात्रा भरते ते यशवंतराव महादेव भोसेकर इंग्रजी अमलात बागलाणचे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात रयतेचे हाल पाहवेनात, तेव्हा वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता त्यांनी सरकारी खजिन्यातील रक्कम भुकेलेल्यांत वाटून टाकली. लोकपरंपरा ती रक्कम १ लाख २७ हजार रुपये सांगते. पुढे तपासणीच्या वेळी खजिना जसाच्या तसा भरलेला निघाला, ही कथा श्रद्धेच्या प्रांतातील आहे आणि ती तेथेच असावी. परंतु श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवला तरी, आपल्या ताब्यात असलेले द्रव्य अखेर कोणासाठी आहे, हा प्रश्न ज्याने कचेरीत बसून स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर कृतीने दिले, असा अधिकारी म्हणून या पुरुषाची थोरवी निर्विवाद राहते. त्यांच्या उत्सवात लावलेल्या माळांविषयी तोच प्रश्न विचारला, तर तो अस्थानी ठरणार नाही असे मला वाटते. कारण माळेतील तांबे भूगर्भातून मोठ्या सायासाने वर आलेले, आणि तिच्या आवरणातील विषारी द्रव्ये, जाळल्यास, शेजाऱ्याच्या श्वासात जाणारी, अशी ही वस्तू विकत घेतलेली असली तरी केवळ आपली एकट्याची मालमत्ता खचित नव्हे.

विजेच्या माळेचा इतिहास दीडशे वर्षांच्याही आतला आहे. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथील आपल्या घरी नाताळच्या झाडावर तांबडे, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले, तेथून तिचा आरंभ धरतात. आपल्या लहान गावांतून ती पुष्कळ उशिरा आली. आधी आले ते रंगीत झिरोचे बल्ब, आणि मग आली ती तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या दिव्यांची, दुकानात जिला ‘सिरीज’ म्हणतात ती माळ. शाळेच्या पुस्तकात जिला एकसर जोडणी म्हणतात तिचे ती चालतेबोलते उदाहरण आहे. घरातील २३० व्होल्टचा दाब एकामागोमाग जोडलेल्या सुमारे ४० दिव्यांत वाटला गेला म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्टच्या आसपास येतात, आणि तेवढ्यावरच तो इवलासा तंतू तापून प्रकाशतो. या रचनेत स्वस्ताई आहे, तशी एक दुर्बलताही आहे: एका दिव्याचा तंतू तुटला की प्रवाहाची वाटच खुंटते आणि सगळी माळ अंधारी होते. चाळीसांपैकी एकोणचाळीस दिवे धडधाकट असताना संपूर्ण माळ निकामी समजून फेकली जाते, हे जुन्या माळांच्या बाबतीत वर्षानुवर्षे चालत आलेले आहे, आणि अपव्ययाची पहिली पायरी तीच होय.

यावर घरोघरी योजला जाणारा उपाय म्हणजे विझलेला दिवा तोडून दोन टोके एकमेकांस पिळून बांधणे. तो उपाय वाईट आहे. दिवा कमी झाला की उरलेल्यांच्या वाट्याचा दाब तेवढाच वाढतो. असे तीन-चार दिवे वगळले म्हणजे बाकीचे प्रमाणाबाहेर तापून लवकर जातात, आणि उघड्या जोडावर कोणाचा हात पडला किंवा पावसाचे पाणी गेले, तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. जळालेल्या दिव्याच्या जागी त्याच व्होल्टचा दिवा बसवणे, जोड डाखून त्यावर आवरणाची नळी चढवणे, ही खरी दुरुस्ती. आणि ती जाणणारी माणसे सटाण्यासारख्या गावात आजही आहेत. माझ्या मते या बाबतीत सर्वांत आदर्श वागणूक कोणाची असेल, तर ती मंडपवाल्यांची. माळ हे त्यांचे भांडवल असल्यामुळे ते ती गुंडाळताना ताणत नाहीत, उतरवल्यावर एकेक पेटवून पाहतात, निकामी माळेचे चांगले दिवे काढून दुसरीत घालतात आणि जिचा काहीच उपयोग उरला नाही तीच भंगारात देतात. घरातील माणसे मात्र शंभर रुपयांच्या आत नवी माळ मिळते, म्हणून जुनीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पत्र्याच्या छपराखालील पोटमाळ्यावर ती गुंतागुंतीच्या गोळ्याच्या रूपाने पडून राहते, उन्हाळ्याच्या उष्णतेने तिचे आवरण ठिसूळ होते, उंदीर ते कुरतडतात, आणि पुढच्या दिवाळीला ती खाली आली की थेट घंटागाडीत जाते.

हल्लीच्या माळेत काचेचा दिवा नसतो. असतो तो गॅलियमच्या संयुगाचा, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा अर्धवाहक स्फटिक, म्हणजेच एलईडी. तांबड्याला दोन आणि निळ्या-पांढऱ्याला सुमारे तीन व्होल्ट पुरतात, तो फारसा तापत नाही आणि विजेचा खर्च जुन्या माळेच्या मानाने नाममात्र करतो, हे त्याचे गुण निःसंशय मोठे आहेत. पण या माळेबरोबर प्लगाजवळ जी एक लहानशी डबी येते, जिचे बटण दाबले की दिवे कधी धावतात, कधी मिटमिटतात, त्या डबीत छापील परिपथाची पट्टी, धारित्र, डाखाचे थेंब असे सगळे इलेक्ट्रॉनिक सामान असते; म्हणजे जी वस्तू पूर्वी तार आणि काच एवढीच होती ती आता लहान प्रमाणावर दूरचित्रवाणी संचाच्या जातीची झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील ओलाडेले ओगुनसेइटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या सुमारास अशा लहान एलईडींची, त्यांत नाताळच्या माळांतील दिव्यांचीही, रासायनिक तपासणी केली, तेव्हा मंद प्रकाशाच्या तांबड्या दिव्यांत शिशाचे प्रमाण त्या राज्याच्या कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आठपटीपर्यंत आढळले. विजेची बचत करणारी वस्तू मरणोत्तर निरुपद्रवी असतेच असे नाही, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

आता या विषयातील सर्वांत गंभीर भागाकडे वळले पाहिजे. घंटागाडीतून किंवा गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याकडून पुढे गेलेली माळ अखेरीस कोणाच्या तरी हाती तांब्यासाठीच पडते. घरातील फिटिंगची जाड वायर चाकूने सोलून तिच्यातील तांबे स्वच्छ काढता येते. परंतु माळेची वायर इतकी बारीक असते आणि दर बोटभर अंतरावर तिला एक दिवा लोंबत असतो, की ती हाताने सोलण्यात गेलेला दिवस मजुरीच्या दृष्टीने वाया जातो. म्हणून तिचा ढीग करून तो पेटवून देण्याची सोपी रीत सर्वत्र रूढ झाली. आवरण जळून गेले की राखेत काळवंडलेल्या तांब्याच्या तारा उरतात. त्यांना स्वच्छ तांब्याचा भाव कधीच मिळत नाही, पण काही न मिळण्यापेक्षा तो बरा, एवढाच त्या गरीब माणसाचा हिशेब.

या जळण्यात काय घडते ते नीट समजून घ्यावे. तारेचे आवरण पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचे असते, आणि शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो. ते जळू लागले की प्रथम हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, जो डोळ्यांतील आणि श्वासनलिकेतील ओलाव्याशी मिळून अम्ल बनतो; धुराजवळ उभ्या असलेल्या माणसाला ठसका लागतो आणि डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. पण त्याहून घातक द्रव्ये डोळ्यांना चुरचुरतही नाहीत. अर्धवट ज्वलनात क्लोरीन आणि कार्बन यांच्या संयोगाने डायऑक्सिन या वर्गाची विषे निर्माण होतात, आणि दुर्दैव असे, की त्यांच्या निर्मितीला चालना देणाऱ्या धातूंत तांब्याचा क्रमांक फार वरचा लागतो. म्हणजे माळ जाळणारा माणूस अजाणता विषाचा कच्चा माल आणि त्याची भट्टी एकाच ढिगात रचत असतो. डायऑक्सिन पाण्यात विरघळत नाही, लवकर नाश पावत नाही. ते गवतावर बसते, गवतातून जनावरांच्या चरबीत आणि दुधात उतरते, आणि दुधातून घरात येते. २००१ च्या स्टॉकहोम करारात दीर्घजीवी विषांची उत्पत्ती ज्या कृतींतून होते त्यांची यादी दिली आहे, तीत तांब्याच्या केबली धुमसवणे हे कृत्य नाव घेऊन नमूद आहे, आणि भारताने त्या कराराला २००६ साली मान्यता दिलेली आहे. शिवाय वायरीचे आवरण उष्णतेत टिकावे म्हणून त्यात पूर्वापार शिशाची संयुगे मिसळली जात आलेली आहेत. ते शिसे जळत नाही, राखेत राहते, राख पावसाने ओढ्यात जाते, आणि बागलाणातले ओढे आरमला आणि मोसमला, तर त्या नद्या पुढे गिरणेला मिळतात. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा जो परिणाम होतो तो पुढे भरून निघत नाही, हे वैद्यकशास्त्राने निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रकरणी ५ हजार, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवून दिली. हुकूम योग्यच आहे. परंतु दंडाच्या पावतीने प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. कारण काडी भंगारवाला ओढतो, हे खरे असले, तरी जाळण्यावाचून दुसरा मार्ग ज्याला आपण ठेवलेला नाही त्याच्याच डोक्यावर सगळा दोष ठेवून मोकळे होणे हे न्यायाचे नाही.

याचे वैषम्य अधिक वाटते ते एका कारणाने. तांब्याचा पुनरुपयोग ही आपल्या जिल्ह्याला कोणी परक्याने शिकवायची गोष्ट नव्हे. नाशिकची तांबट आळी आणि भांडी बाजार यांचा लौकिक महाराष्ट्रभर होता, आणि बागलाणातल्या घराघरांतील हंडे, कळशा, घंगाळी तेथील कारागिरांच्या हातोडीखालून आलेली असत. भांडे फुटले, झिजले, बूड गेले, तर ते उकिरड्यावर जात नसे. त्याचे वजन होई, घट वजा जाई, आणि जुन्याची मोड घालून वर मजुरी देऊन घरात नवे भांडे येई. आजीच्या लग्नातील हंड्याचे तांबे नातीच्या लग्नातील घागरीत असणे हे अगदी स्वाभाविक होते. धातू कितीही वेळा वितळवला तरी त्याचे धातूपण उणावत नाही, हे त्या व्यवहारात गृहीतच धरलेले होते. आज आपल्या विदर्भाच्या सीमेलगत बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड येथे तांब्याची देशातील सर्वांत मोठी खाण आहे. तेथील शंभर किलो दगड फोडला तर हाती किलो-सव्वा किलोच्या आसपास तांबे लागते. उलट जुन्या तांब्यापासून नवे तांबे करण्यास खनिजापासून करण्याच्या मानाने ८५ टक्क्यांपर्यंत कमी ऊर्जा पुरते. हंड्याची मोड घालणाऱ्या घरातील माणसे माळ उकिरड्यावर टाकू लागली, याचे कारण त्यांची वृत्ती पालटली हे नसून, माळेतील तांबे त्यांच्या डोळ्यांना दिसत नाही हे आहे.

ते तांबे न जाळता काढता येते की नाही, या शंकेचे उत्तर चीनमधील एका गावाने दिलेले आहे. ग्वांगडोंग प्रांतातील शिजियाओ या गावी एके काळी अमेरिकेतील टाकाऊ नाताळमाळा जहाजे भरभरून येत. ॲडम मिंटर या पत्रकाराने २०११ साली तेथील कारखाने पाहून लिहिले, त्यावेळी तेथे वर्षाकाठी सुमारे ९ हजार टन माळा येत असत, आणि तेथील व्यावसायिकांच्या हिशेबाने माळेच्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक भाग तांब्याचा भरे. त्याही गावात आधी माळा जाळल्याच जात. पुढे इंधन महागले, जाळल्या जाणाऱ्या प्लास्टिकचेही पैसे होऊ शकतात हे लक्षात आले, आणि गावाने रीत बदलली: माळा दिव्यांसकट यंत्रात बारीक कुटायच्या, तो चुरा पाण्यात कालवून उतरत्या, सतत थरथरणाऱ्या पाटावर सोडायचा, की पाण्याच्या सुमारे नऊपट जड असलेले तांबे पाटाच्या एका कडेला जमते आणि हलके प्लास्टिक पाण्याबरोबर दुसरीकडे वाहून जाते. सुपात धान्य पाखडताना कोंडा आणि दाणा जसा वेगळा होतो, तसाच हा प्रकार. वाऱ्याच्या जागी पाणी एवढेच. तांबे वितळवण्यास जाई आणि प्लास्टिकच्या चुऱ्यापासून पायांतील सपातांचे तळ बनत. पुढे चीनने परदेशी भंगाराला आपली दारे टप्प्याटप्प्याने बंद केली, २०१८ अखेर टाकाऊ वायरींची आयातही थांबली. पण यंत्राचे तत्त्व काही त्यामुळे बाद झालेले नाही. तारा कुटून तांबे आणि प्लास्टिक निरनिराळे करणारी यंत्रे आज आपल्याही देशात चालतात. त्यांना हवा असतो तो माल, आणि तोही क्विंटलच्या हिशेबाने. दोन किलो माळांसाठी कोणताही कारखाना सटाण्यापर्यंत गाडी पाठवणार नाही. सगळ्या प्रश्नाची किल्ली या एका अडचणीत आहे.

कायद्याचे म्हणाल, तर तो या बाबतीत मागे नाही. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे आपले पहिले स्वतंत्र नियम २०११ साली निघाले, २०१६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली, आणि सध्या जे अमलात आहेत ते २०२२ साली प्रसिद्ध होऊन १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले. त्यांच्या परिशिष्टात दिवे आणि प्रकाश-उपकरणे आहेत, मात्र तंतूचे साधे बल्ब वगळलेले आहेत. म्हणजे एलईडीची माळ नियमांच्या कक्षेत येते आणि जुनी काचेची माळ काटेकोर अर्थाने येत नाही, तरी दोहोंच्या वायरी सारख्याच असल्यामुळे आपण त्यांत भेद करू नये. वस्तू बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर तिच्या अखेरच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकलेली आहे, आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराने जे धातू परत मिळवल्याचा दाखला उत्पादकाला द्यायचा त्यांत सोने, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्याबरोबर तांबेही मोजले जाते. प्रश्न असा उरतो, की ज्या माळेच्या खोक्यावर उत्पादकाचे नाव नाही, पत्ता नाही, तिच्यासाठी कोणाला जाब विचारायचा? अशा बेवारस वस्तूंची, तसेच घनकचऱ्यात मिसळून आलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची, वेगळी तजवीज करून त्या नोंदणीकृत कारखान्याकडे पोहोचवण्याचे काम नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपवले आहे. म्हणजे आपल्या गावापुरते ते नगरपरिषदेकडे येते.

पुण्यात यासंबंधी जे झाले आहे ते आपल्याला जवळचे उदाहरण म्हणून पाहता येईल. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली, तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि भंगार वेचणाऱ्या बायांना ओळखपत्र, हातमोजे आणि हक्काची मजुरी मिळण्याचा मार्ग तयार झाला. पूर्णम इकोव्हिजन या संस्थेची ‘ई-यंत्रण’ मोहीम प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास निरनिराळ्या वस्त्यांत केंद्रे लावून टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करते. पुण्याची लोकसंख्या आणि साधने सटाण्यापाशी नाहीत, हे खरे. पण सटाण्यापाशी जे आहे ते पुण्यापाशी नाही. येथे मंडपवाले, वायरमन, भंगारवाले आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते एकमेकांना नावानिशी ओळखतात, आणि नामपूर, ताहाराबाद, मुल्हेर, लखमापूर, ठेंगोडा अशा साऱ्या गावांचा माणूस बाजारासाठी, कचेरीच्या कामासाठी किंवा यात्रेसाठी सटाण्यात येतोच येतो. तालुक्याचा माल आपोआप जमावा असे ठिकाण याहून चांगले कोणते?

यात्रा संपल्यानंतरचा आठवडा या कामासाठी मुक्रर करावा असे मी सुचवीन. नगरपरिषदेने एक कोरडी, बंदिस्त, कुलपाची खोली द्यावी. मंडपवाल्यांनी आणि मंडळांनी आपल्या निकामी माळा तेथे आणाव्यात, घरोघरच्या माळा घंटागाडीवर वेगळे पोते बांधून गोळा व्हाव्यात, आणि भंगारवाल्यांना या व्यवहारातून हुसकून न लावता, त्यांनी जमवलेल्या माळा तेथेच न जळलेल्या मालाचा रोख भाव देऊन विकत घ्याव्यात. ज्याला न जाळता अधिक पैसे मिळतील तो जाळणार नाही, इतकी ही गोष्ट साधी आहे. आणलेल्या मालाचे वजन व्हावे, पावती फाटावी, वही राहावी; आणि पुरेसा साठा झाला की तो राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील यादीतील नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराला लेखी दाखल्यासह द्यावा. आपल्या शेजारी तीसपस्तीस किलोमीटरवर मालेगावात जुन्या प्लास्टिकपासून पाइप बनवण्याचा मोठा धंदा आहे, तेव्हा माळा तिकडेच का देऊ नयेत, असे कोणाला सुचेल. तार अलग होण्यापूर्वी देऊ नयेत, हे त्याचे उत्तर. दिवे, डाख आणि तार यांच्यासह पीव्हीसी इतर प्लास्टिकात मिसळले तर ते सगळा घाणा नासवते. यंत्राने निराळा काढलेला चुरा मात्र तशा उद्योगाला उपयोगी पडू शकतो.

घरातील माणसांनी करायचे ते याहून थोडे आहे. माळ कापू नये, सोलू नये, दिवे फोडू नयेत. ती कागदी पुठ्ठ्यावर सैलसर गुंडाळून, चालू आणि बंद अशा दोन पिशव्यांत वेगवेगळी ठेवावी. जी चालू आहे, पण नकोशी झाली आहे, ती अंगणवाडीला, शाळेला, श्रावणात कानबाई बसवणाऱ्या एखाद्या शेजारणीला द्यावी. चालू वस्तूचा सर्वोत्तम पुनरुपयोग तिच्या वापरातच आहे. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या माळेतील सेल आधी काढून घ्यावेत. सौर पट्टीच्या माळेत पुन्हा भारित होणारी लहानशी बॅटरी दडलेली असते. ती दाबली गेली, फुटली, तर पेट घेते, म्हणून अशी माळ पोत्यात कोंबण्याऐवजी निराळी द्यावी, आणि ती बॅटरीची आहे असे सांगून द्यावी. माळांची हाताळणी झाली की हात साबणाने धुवावेत, आणि जुनी वायर लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नये, ही सूचना शिशाचा वर उल्लेख झालेलाच असल्यामुळे अनावश्यक वाटेल, तरी ती घरातील बाईमाणसांपर्यंत आणि मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे.

विकत घेतानाही थोडे पाहावे. काही अतिस्वस्त माळांत तांब्याची तार नसतेच. तांब्याचा मुलामा दिलेले लोखंड किंवा ॲल्युमिनियम असते. अशी तार लवकर तुटते, जोडापाशी तापते, आणि भंगारातही तिला मोल नसते. लोखंडाची असेल तर साधे लोहचुंबक तिचे बिंग फोडते. एलईडी माळांसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा खोक्यावर मानकाचे चिन्ह, नोंदणी क्रमांक आणि उत्पादकाचे नाव-पत्ता आहे का, हे दुकानातच वाचावे, नसेल तर दुकानदाराला तसे स्पष्ट सांगावे. मुंबईच्या लोहार चाळीतून किंवा नाशिकच्या घाऊक बाजारातून माल भरणारा सटाण्याचा दुकानदार गिऱ्हाईक जे मागते तेच आणतो. वीस जणांनी नाव-पत्ता असलेली माळ मागितली, तर पुढच्या खेपेला ती येईल. आणि तांबटाच्या दुकानात चालत असे तसा मोडीचा व्यवहार त्यानेही सुरू करण्यास कोणती अडचण आहे? जुनी माळ आणून देणाऱ्याला नवीच्या किमतीत दहा-वीस रुपयांची सूट द्यावी, जुन्या माळा दुकानामागील पोत्यात जमवाव्यात, आणि यात्रा उलगडली की ते पोते नगरपरिषदेच्या खोलीवर नेऊन वजन करून द्यावे.